आधी न्याहारी बघा, मग लक्ष नाही म्हणा

शाळकरी मुलांचा आहार, खेळ आणि अभ्यास यांचा संबंध या लेखात छान मांडलाय, पण न्याहारीवर जेमतेम एक ओळ आहे. गोव्यात डिचोलीकडे आमच्या गावातली बरीच मुलं चहात पाव बुडवून बस पकडतात. दहाच्या सुमारास ती पेंगायला लागतात आणि आपण म्हणतो, लक्ष नाही! त्यात चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. लोह कमी पडलं की थकवा आला, वर्गात चित्त लागत नाही. घरात नाचणी असते, तिचं तिझान, म्हणजे गोड पेज, करायला कितीसा वेळ लागतो? नाहीतर आळसांद्यांची, म्हणजे चवळीची, उसळ.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिलेली आहेत. पाव आणि पाण्यासारखी पातळ भाजी यातून ती भरत नाहीत, कडधान्य हवंच. पालकांनी अधूनमधून शाळेत जाऊन ताट बघावं.

आणि खेळ! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ सांगते. आमच्याकडे जून लागला की मैदानात पाणी, म्हणून पीटीचा तास गणिताला. अहो, व्हरांड्यात फुगडी, दोरीउड्या होतात की. शिक्षकांनो, तेवढा तास कृपा करून सोडू नका.