आधी गोष्ट, मग ऱ्हस्व-दीर्घ

मुलाने आपणहून लिहिलेली पहिली गोष्ट हातात पडली की मोठ्यांचं बोट आधी चुकीवर जातं. ओळी तीन, चुका सात. चुका खऱ्याच असतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या त्याच दिवशी दाखवल्या की मूल एवढंच शिकतं की अवघड शब्द टाळलेले बरे. 'राक्षस'मधला 'क्ष' जमत नाही म्हणून पुढच्या गोष्टीत राक्षसाच्या जागी मांजर येतं. वही स्वच्छ होते आणि गोष्ट मिळमिळीत.

सहा-सात वर्षांच्या मुलाचं बहुतेक लक्ष अक्षराचं वळण, काना-मात्रा आणि ओळ सरळ ठेवणं यातच खर्ची पडतं. तोंडातली गोष्ट पुढच्या गावी पोचलेली असते, हात अजून वेशीवरच. एक वाक्य कागदावर पुरं होईस्तोवर पुढची दोन विसरलेली. म्हणून 'याला काही सुचतच नाही' हे निदान बऱ्याचदा चुकतं. तेच मूल खेळताना बाहुलीशी किंवा गाडीशी काय बोलतं ते चोरून ऐका. लेखनाची आवड पहिल्यांदा दिसते ती तिथे, निबंधाच्या मार्कांत नाही.

अशा वयात मुलाने सांगायचं आणि मोठ्याने उतरवायचं. पाच ते दहा मिनिटं, जास्त नाही. शब्द मुलाचेच, अगदी 'तो पळाला गेला' असं म्हटलं तरी तसंच लिहायचं. मग ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवायचं. वाचताना मूल मध्येच अडवतं, "असं नाही, आधी दार उघडलं!" हे झालं त्याचं पहिलं संपादन, तेही कुणी न शिकवता. शेवटचं वाक्य त्याला स्वतः लिहू द्यायचं, काही दिवसांनी शेवटची दोन.

यात घोटाळा होतो तो मोठ्यांच्या मदतीमुळे. "मग त्याला परी भेटली का?" असं विचारलं की मूल मान डोलावतं आणि गोष्ट तुमची होते. "मग?", "तो का घाबरला?", "तिथे आवाज कसला येत होता?" एवढे प्रश्न पुरतात. 'छान' या शब्दाने काहीच पुढे सरकत नाही. त्यापेक्षा "दाराला कुलूप नव्हतं म्हटल्यावर मला भीतीच वाटली" असं सांगा. कुठलं वाक्य लागू पडलं ते त्याला कळतं.

कागदाचा आकार हा दुर्लक्षित मुद्दा आहे. मोठं कोरं पान मुलाला भिववतं, छोटं पान भरून टाकता येतं. इंग्लंडमधल्या ब्रॉन्टे भावंडांनी (यातल्या तिघी बहिणी पुढे नावाजलेल्या कादंबरीकार झाल्या) १८२६ मध्ये घरात आलेल्या बारा खेळण्यातल्या सैनिकांना नावं दिली, त्यांचं राज्य उभं केलं, आणि पुढे सैनिकांच्या मापाची, काडेपेटीहूनही लहान पुस्तकं लिहिली. अक्षर इतकं बारीक की मोठ्यांना वाचणं कठीण जावं. (हा त्यातला मोठाच फायदा असणार!)

आपल्यासाठी एक ए-फोर कागद पुरे. तो आडवा धरून उभ्या घड्यांनी चार भाग करा, मध्ये एक आडवी घडी घाला, उलगडा. आठ चौकोन दिसतील. आता डावी-उजवी कड जुळवून अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने आडव्या रेषेवर पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कात्री चालवा. उघड्या कडेने कापलं तर चीर मधोमध न पडता दोन्ही टोकांना पडते आणि कागद वाया जातो. मग कागद पुन्हा उलगडून, आडव्या घडीवर लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर उघडते आणि आठ पानांचं पुस्तक तयार होतं. आधी पुस्तक, मग लिखाण. सपाट कागदावर लिहून मग घड्या घातल्या तर अर्धी पानं उलटी येतात. मुखपृष्ठ आणि मागचं पान सोडून सहा पानं, पानाला एक-दोन वाक्यं. नावाला जागा मुखपृष्ठावर आणि तारीख मागे.

विषय अडला तर इटालियन लेखक जानी रोदारी यांनी १९७३ मध्ये मांडलेली युक्ती वापरा: एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मराठीत तर विभक्तीच अर्धं काम करते: कपाटातला कुत्रा, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याचं कपाट. मांजर-उंदीर अशी जोडी देऊ नका. त्यातून ऐकलेलीच गोष्ट निघते.

'आणि मग, आणि मग' ही साखळी या वयात चालायचीच. आठ-नऊच्या पुढे मात्र एक खेळ करता येतो: एका 'मग'च्या जागी 'पण' घालायचं, दुसऱ्याच्या जागी 'म्हणून'. 'पण' आला की अडचण येते, 'म्हणून' आला की कारण. '...आणि त्याला जाग आली' हा शेवट मुलं आळसाने लिहीत नाहीत. गोष्टीतल्या कुणाला काय हवंय तेच ठरलेलं नसतं, म्हणून थांबायचं कुठे ते कळत नाही. शेवट दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. "त्याला काय हवं होतं?" एवढं विचारा.

वाचलेल्या गोष्टीची नक्कल दिसली तर रागावू नका, त्या वयात शिकण्याचा तोच रस्ता आहे. खोडरबर मात्र खुशाल लपवा. एका रेघेने खोडलेला शब्द दिसत राहतो आणि परत घेता येतो.

शुद्धलेखन हवंच, पण वेगळ्या दिवशी, दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायच्या प्रतीवर, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक. आज फक्त अनुस्वार. डेझी अॅशफर्ड या इंग्रज मुलीने नऊ वर्षांची असताना, १८९० मध्ये, लिहिलेली छोटी कादंबरी १९१९ मध्ये छापली तेव्हा तिच्या चुका तशाच ठेवल्या. एक तर थेट शीर्षकातच आहे.

पाहुण्यांसमोर 'वाचून दाखव' म्हणणं बंद करा. अकरा-बाराच्या सुमारास मूल वही लपवायला लागतं, आधीचं लिखाण त्याला बालिश वाटतं, कधी ते फाडूनही टाकतं. जुनी पुस्तकं त्याआधीच एका डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवून द्या. नवी वही उघडू नका, ती टेबलावर उघडी पडलेली असली तरी.