फी वाचवायला गोल्ड आयआरएची नाणी घरी ठेवायची?

गोल्ड आयआरए म्हणजे अमेरिकेतलं करसवलतीचं निवृत्ती खातं, ज्यात पैसे सोन्यात गुंतवतात. तिथल्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘निवृत्तीच्या गोल्ड आयआरएसाठी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा, नाणी घरच्या तिजोरीत ठेवा, कस्टोडियनची (खातं सांभाळणाऱ्या संस्थेची) फी शून्य.’

हे चूक आहे, आणि चांगलंच महागात पडेल. 2021 मध्ये अमेरिकेच्या टॅक्स कोर्टापुढे नेमका हाच प्रकार आला होता. आयआरएच्या पैशांतून एलएलसी, एलएलसीच्या नावाने अमेरिकन ईगल नाणी, आणि नाणी घरात. कोर्टाने ती खात्यातून काढून घेतलेली रक्कमच मानली. म्हणजे त्यावर आयकर आला, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर साधारणपणे वर 10 टक्के जादा कर. एवढ्यात कितीतरी वर्षांची फी निघाली असती.

मेसेजमधलं दुसरं वाक्य, ‘टक्केवारीची फी नेहमी स्वस्त’, हेही सरसकट खरं नाही. समजा एका कस्टोडियनकडे वर्षाला सरळ 200 डॉलर आणि दुसऱ्याकडे अर्धा टक्का. 40,000 डॉलरला दोन्ही सारखेच. त्याच्या खाली टक्केवारी परवडते. वर गेलात, किंवा नुसता सोन्याचा भाव चढला, तरी टक्केवारीवाल्याचं बिल फुगतं.

तुलना करताना साठवणुकीचा खर्च वेगळा विचारा. तुमचा माल स्वतंत्र ठेवायचा तर दर सहसा जास्त असतो. खातं बंद करायची आणि दुसरीकडे हलवायची फीही लेखी घ्या. ‘पहिलं वर्ष मोफत’वर भाळण्याआधी विक्रेता बाजारभावावर किती चढवतोय ते बघा, खरी कमाई बहुतेकदा तिथेच असते.