आधी ट्रक, मग कॅम्पर: टेक्सासच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

'धाकटा भाऊ समजून सांगतो' असं तुम्ही लिहिलंत, म्हणून दादाच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. रात्री बायकोलाही वाचून दाखवली, कारण आठवड्यातले तीन दिवस आमचा पिकअप ट्रक तीच चालवते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रोजच्या वापराला आणि कॅम्पर (ट्रकमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) ओढायला एकच पिकअप कसा निवडावा, या लेखात मी लिहिलं होतं की ज्या घरात ट्रकनेच ऑफिसला जायचं आहे त्यांनी आधी ट्रक ठरवावा आणि त्याला झेपेल तेवढाच कॅम्पर घ्यावा. दादांचं म्हणणं याच्या उलट आहे. कॅम्पर आधी ठरवा, मग त्याला पुरून उरेल असा थ्री-क्वार्टर टन (एफ-२५० सारखा मोठा, जड) डिझेल ट्रक घ्या. हाफ-टन (माझ्या फोर्ड एफ-१५० सारख्या हलक्या वर्गाच्या) ट्रकने डोंगरात कॅम्पर ओढायला सांगणं म्हणजे लोकांच्या पोराबाळांच्या जिवाशी खेळ आहे. पुढे ते असंही लिहितात, की पेलोडचं (ट्रकवर माणसं-सामान मिळून किती वजन चालतं त्याचं) स्टिकर कंपनीचे वकील चिकटवतात, मागच्या स्प्रिंगला एअरबॅग (हवा भरायच्या पिशव्या) टाकल्या की सगळं चालतं.

पोराबाळांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला लागला. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नेमकं तुम्ही म्हणता तेच केलं होतं: कॅम्पर आधी ठरवला. २८ फुटी, मुलांसाठी बंक बेड, बाहेरचं स्वयंपाकघर. कोरडं (रिकाम्या कॅम्परचं) वजन ५,९०० पौंड. विक्रेता म्हणाला, 'तुमची एफ-१५० तर अकरा हजार ओढते, हे काहीच नाही.' मी मान डोलावली. दोन सहलींनंतर पुढची चाकं हलकी वाटायला लागली, म्हणून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) गाडी घातली. चौघं जण ट्रकमध्ये, कॅम्पर भरलेला, अगदी सहलीला निघतो तसे. कॅम्पर भरला ७,१०० पौंड. ट्रकची एकूण मर्यादा ७,०५० आणि काटा दाखवत होता ७,४००. मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५०, त्यावर ४,१२०. अकरा हजार ओढणारा ट्रक सात हजारांच्या कॅम्परनेच मर्यादेबाहेर गेला होता, आणि मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली होती. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

हे का झालं, ते मूळ लेखात मी घाईत उरकलं होतं. इथे नीट मांडतो.

ब्रोशरमधला ओढण्याचा आकडा खोटा नसतो. तो एसएई जे-२८०७ या ठरलेल्या चाचणीतून येतो. टोयोटाने ही चाचणी २०११ च्या सुमारास स्वीकारली, डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या (फोर्ड, जीएम, रॅम) २०१५ च्या मॉडेलपासून आल्या. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रकने ट्रेलरसह ताशी ४० माईलच्या खाली न येता चढायचं असतं. पण त्या हिशोबात ट्रकमध्ये माणसं दोनच धरतात, दीडशे-दीडशे पौंडांची. मागची सीट रिकामी, बेडमध्ये (ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात) सायकली नाहीत, लाकडं नाहीत. शिवाय तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आमच्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे तीन टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो इंजिनाला हा फटका बराच कमी बसतो. मी पाच लिटरचा व्ही-८ सोडून साडेतीन लिटरचा इकोबूस्ट घेतला तो यासाठी. ह्यूस्टनसारख्या सखल जागी असतो तर मी व्ही-८ ला अजिबात नाक मुरडलं नसतं.

पण ताकद हा दुय्यम प्रश्न आहे. खरा प्रश्न ट्रकच्या पाठीवर किती बसतं हा आहे. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) गोळ्यावर टेकतो, तो टेकायलाच हवा. कमी झाला तर कॅम्पर मागे डुलायला लागतो. ७,१०० चे १३-१४ टक्के म्हणजे साडेनऊशे पौंड. वजन वाटणारा हिच स्वतःच ९५ पौंडांचा. आम्ही चौघं ४८०. बेडमध्ये जनरेटर, कूलर, सायकली मिळून अडीचशे. बेरीज १,७७५ होते आणि माझ्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर सांगतं १,४४७. चालकाचं वजनही त्या आकड्यातच धरायचं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कोरड्या वजनाचं तर बोलूच नका. त्यात तुमचं सामान नसतं, पाणीही नसतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले.

आणि दादा, ते स्टिकर वकिलांचं नाही हो. ते त्या एका ट्रकचं असतं. कारखान्यातून तो जसा बाहेर पडला, तसं त्याचं वजन एकूण मर्यादेतून वजा करून उरलेला आकडा तिथे छापतात. म्हणून काचेचं मोठं छप्पर, मोटरने उघडणाऱ्या पायऱ्या, वीस इंची चाकं घेतली की आकडा खाली येतो. मी डीलरच्या आवारात एका रांगेतल्या अकरा एफ-१५० ची दारं उघडून पाहिली आहेत. सर्वांत कमी १,३७०, सर्वांत जास्त १,९१०. नाव एकच, आणि फरक पाचशे पौंडांहून जास्त! सर्वांत महागडा ट्रक सर्वांत कमी वजन झेलत होता. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: ट्रक पसंत पडला की किमतीवर बोलायच्या आधी चालकाचं दार उघडा आणि त्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरचा फोटो काढा.

एअरबॅगबद्दल मला तुमच्याशी स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. एअरबॅग ट्रकची बसलेली मागची बाजू वर उचलतात, एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची मर्यादा तीच राहते. त्याहून वाईट म्हणजे मागचं बसणं दिसेनासं होतं. हिच मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन तरफेसारखं पुढची चाकं उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. ते वजन पुढच्या चाकांवर परत आणायचं काम वजन वाटणारा हिच करतो, एअरबॅग नाही. कॅम्पर जोडण्याआधी पुढच्या चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. मला हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर त्या दोन सहली मी तशा केल्या नसत्या. जिवाशी खेळ नको म्हणणाऱ्या माणसाने स्टिकर बाजूला ठेवायला सांगू नये, एवढी विनंती.

आता तुमचा एफ-२५० डिझेल. ट्रक उत्तम आहे. माझ्याकडे ३० फुटांचा कॅम्पर असता, किंवा फिफ्थ व्हील (ट्रकच्या बेडमध्येच जोडायचा मोठा कॅम्पर) असतं, जिथे वीस-पंचवीस टक्के वजन थेट बेडवर येतं, तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. पण आमचं वर्ष बघा. कॅम्पर बाहेर पडतो बारा-तेरा वीकेंड. उरलेले दिवस ट्रक ऑफिस, शाळा, मराठी मंडळाची तालीम आणि किराणा करतो. ऑफिसच्या पार्किंगची उंची ६ फूट ८ इंच आहे. माझा ट्रक साडेसहा फुटांच्या आत बसतो. फोर-बाय-फोर एफ-२५० पावणेसात फुटांच्या आसपास जातो, म्हणजे तो दारातच अडेल. लांबी जवळजवळ २१ फूट. आमचं गॅरेज २० फूट खोल. डिझेलच्या धुराची जाळी साफ व्हायला लांबचा, गरम प्रवास लागतो, आणि शाळा-किराण्याच्या चार-चार माईलच्या फेऱ्यांत काजळी साठत राहते. रिकाम्या ट्रकची ताठ स्प्रिंग रोज पाठीला जाणवते ती वेगळीच. शिवाय १०,००० पौंडांच्या मर्यादेत नोंदवलेल्या सजवलेल्या डिझेलचं पेलोड लोक समजतात तेवढं मोठं नसतं. जड इंजिनच त्यातलं बरंच खाऊन टाकतं.

म्हणून आम्ही ट्रक ठेवला आणि कॅम्पर विकला. आता २२ फुटी आहे, सहलीसाठी भरलेला ५,००० पौंड. गोळ्यावर साडेसहाशे, हिच ९५, आम्ही ४८०, बेडमध्ये दोनशे. १,४२५. स्टिकरच्या आत, जेमतेम. नाशिकहून आई-बाबा आले की ते बायकोबरोबर दुसऱ्या गाडीतून येतात. आईला वाईट वाटतं, नातवंडं दुसऱ्या गाडीत म्हणून. मग मुलंच आजीच्या गाडीत बसतात आणि माझ्या ट्रकचं वजन आणखी उतरतं. मुलांचे बंक बेड गेले, जेवणाचं टेबल रात्री मोडून पलंग करावा लागतो. त्याची सवय व्हायला एक सहल पुरली.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. मूळ लेखात मी चढावर चार परिच्छेद लिहिले आणि उतारावर एक ओळ. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत दोन हजार फूट उतार आहे, सहा-सात टक्क्यांचा, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडीचे रॅम्प. तिथे तुमच्या डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग धरणारा) जे काम करतो ते माझं पेट्रोलवरचं इंजिन करू शकत नाही. माझे मामा खंबाटकीच्या घाटात वर्षानुवर्षं मालट्रक चालवायचे. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, असं ते सांगायचे. मी तेच करतो. बोगद्यातच टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खाली धरून ठेवणारा) चालू आहे ना ते बघतो, उतार लागायच्या आधी वेग ४५ वर आणतो, गिअर हाताने खाली घेतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाही. थोडा वेळ दाबतो, वेग उतरवतो, सोडतो. कॅम्परचे ब्रेक ट्रकच्या कंट्रोलरवरून चालतात ना, हे निघतानाच रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवून तपासतो. हे लेखात असायलाच हवं होतं. वायोमिंगकडे जाताना आय-२५ वर जो आडवा वारा लागतो, त्यात तुमच्या जड, लांब ट्रकचा फायदाही मी नाकारत नाही. तशा वाऱ्याच्या दिवशी आम्ही निघत नाही.

दोघंच असाल, कॅम्पर साडेतीन हजार पौंडांचा असेल, तर एवढाही ट्रक लागत नाही. होंडा रिजलाइन ५,००० पर्यंत ओढते आणि रोज चालवायला कारसारखी आहे. तिचंही दार उघडून बघायचं, एवढंच.

उताराचा भाग काल रात्री मूळ लेखात घातला आहे, वर तुमचे आभारही लिहिले आहेत. तुमच्या ट्रकच्या स्टिकरवरचा आकडा आणि पुढच्या सहलीला कॅट स्केलवर जे भरेल ते इथेच खाली लिहाल का? मागचा-पुढचा ॲक्सल वेगळा लिहा, आणि एअरबॅगमध्ये हवा किती होती तेही.