निफ्टीत स्लिपेज नसतंच? आकडे मांडून बघा

"निफ्टीचे ऑप्शन इतके लिक्विड आहेत की बॅकटेस्टमध्ये स्लिपेज धरायची गरजच नाही. ऑर्डरमागे 20 रुपये ब्रोकरेज वजा केलं की झालं." ट्रेडिंगच्या ग्रुपांवर हे सतत फिरतं. (स्लिपेज म्हणजे ऑर्डर पाठवताना दिसलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक; बॅकटेस्ट म्हणजे जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी चालवून बघणं.) नवी मुलं यावर विसंबून घरचे पैसे लावतात, म्हणून लिहितोय.

आधी लिक्विडिटी. अ‍ॅट-द-मनी (निफ्टीच्या चालू आकड्याजवळच्या) ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर कमी असतं, मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. सकाळी 9:20 ला कॉल (निफ्टी वाढण्यावरचा ऑप्शन) आणि पुट (पडण्यावरचा) दोन्ही विकायचे, दोन्हींना 25 टक्के स्टॉपलॉस (भाव तेवढा वाढला की तोटा घेऊन बाहेर), ही अनेकांची आवडती स्ट्रॅटेजी घ्या. शिरताना दोन ऑर्डर, बाहेर पडताना दोन. प्रत्येकीत अर्धा रुपया गेला तर दिवसाला 2 पॉइंट, म्हणजे 2 रुपये. लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या) समजा 75 चा धरला तर 150 रुपये. वर्षाच्या साधारण 250 दिवसांत 37,500. बॅकटेस्ट दिवसाला सरासरी 3 पॉइंट नफा दाखवत असेल, तर त्यातले 2 इथेच संपले.

"स्लिपेज कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध, शेवटी सगळं सारखंच होतं." स्टॉपलॉसला हे लागूच पडत नाही. भाव उसळतो तेव्हाच तो लागतो, आणि त्याच क्षणी तिथेच स्टॉप लावून बसलेले बाकीचेही खरेदीला धावतात. त्यात सप्टेंबर 2021 पासून एनएसईने ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर (ट्रिगरचा भाव आला की मिळेल त्या भावाला सौदा) बंद केली, त्यामुळे लिमिट, म्हणजे याहून वाईट भावाला सौदा नको ही मर्यादा, द्यावीच लागते. माझाच एक सौदा: 100 ला विकलेला पुट, ट्रिगर 125, लिमिट 128. भाव 124 वरून थेट 131 वर गेला. ऑर्डर तशीच पडून राहिली, शेवटी हाताने 139 ला सुटलो. बॅकटेस्टमध्ये हाच तोटा 25 पॉइंटचा दिसतो, मला 39 चा झाला.

"मी लिमिटनेच शिरतो, मला स्लिपेज कुठलं?" खरेदीची लिमिट असेल, तर कँडलचा लो (चार्टवर त्या काही मिनिटांतला सर्वांत कमी भाव) तुमच्या भावाला टेकला की सॉफ्टवेअर सौदा झाला असं धरतं. बाजारात त्या भावावर तुमच्या आधी रांग असते. भाव टेकून वर फिरला तर तुमचा नंबरच येत नाही, आणि नफ्याचा सौदा हुकतो. आरपार खाली गेला तर मात्र तोट्याचा माल हमखास पदरात पडतो.

ऑर्डर पाठवताना दिसलेला भाव आणि मिळालेला भाव, दोन्ही मी लिहून ठेवतो. एन्ट्रीचे वेगळे, स्टॉपलॉसचे वेगळे, एक्सपायरीच्या (ऑप्शनची मुदत संपण्याच्या) दिवसाचे वेगळे. तुमचे असे तीनेक महिन्यांचे आकडे जमेपर्यंत साध्या ऑर्डरला अर्धा रुपया आणि स्टॉपलॉसला ट्रिगरच्या 2-3 टक्के धरा, आणि तीच बॅकटेस्ट पुन्हा चालवा.