हात दुखला तरी वाजव?

गेल्या महिन्यात लेक पियानोच्या क्लासवरून आली ती उजवं मनगट डाव्या हातात धरूनच. "सर म्हणाले, दुखल्याशिवाय हात बसत नाही." तबला, पेटी, सतार, कुठलाही क्लास घ्या, हे वाक्य कानावर येतंच. पेटी शिकताना मीही ते ऐकलंय आणि खरं मानलंय. आता मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि त्याला कारण आहेत पियानोवादक लिऑन फ्लायशर.

जन्म १९२८, सॅन फ्रान्सिस्को. नवव्या वर्षापासून आर्तुर श्नाबेलसारखे गुरू, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर वादन, १९५२ साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धा जिंकणारे पहिले अमेरिकन. ऑर्केस्ट्राचे संचालक जॉर्ज सेल यांच्याबरोबरची त्यांची बेथोव्हेन-ब्राम्सची रेकॉर्डिंग्ज आजही ऐकावीत अशी आहेत. आणि १९६४ च्या सुमारास, ऐन छत्तिशीत, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळायला लागली. पियानोवर सगळ्यात वरचे सूर बहुतेक याच दोन बोटांकडे असतात, म्हणजे चालच त्यांच्या भरवशावर.

सराव कमी पडतोय असं वाटून फ्लायशर यांनी रियाज आणखी वाढवला. तिथेच चुकलं, हे पुढे त्यांनी स्वतः सांगितलं. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बिघाड बोटांत नसतो, मेंदूकडून बोटांना येणाऱ्या हुकमात असतो. दामटून रियाज केला तर तो सुटत नाही, आणखी पक्का होतो. प्रत्येक दुखणं म्हणजे डिस्टोनिया नव्हे, आणि डिस्टोनियात दुखेलच असंही नाही, हे मला कळतं. पण हात काहीतरी सांगतोय आणि आपण ऐकत नाही, हे दोन्हीकडे सारखंच ना?

जीव द्यायचे विचारही मनात आले होते, हे त्यांनी उघडपणे सांगितलंय. मग ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या संगीताकडे वळले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विट्गेनश्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार रॅव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) त्यांनी कितीतरी वेळा वाजवला. बॉल्टिमोरच्या पीबॉडी या संगीतशाळेत शिकवलं, ऑर्केस्ट्राचं संचालन केलं. लोक गोष्ट सांगतात ती नंतरची: आखडलेले स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, पुन्हा दोन्ही हात, २००४ चा 'टू हँड्स' अल्बम. त्यातली शूबर्टची सोनाटा मीही डोळे मिटून ऐकते. पण मला १९८२ मोठं वाटतं. बॉल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ हॉलच्या उद्घाटनाला ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले. लोकांनी डोक्यावर घेतलं. हात बरा झालेला नाही हे मात्र त्यांना ठाऊक होतं, आणि एवढ्या कौतुकानंतरही ते परत डाव्या हातावर आले. टाळ्या बाजूला ठेवून हाताचं ऐकायला केवढं धैर्य लागत असेल!

लेकीला आठवडाभर पियानोला हात लावू दिला नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो स्टुलाच्या उंचीचा. घरी येऊन पाहिलं तर स्टूल चांगलं चार बोटं खाली. वाजवताना मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबकळत होतं. आता ती वीस मिनिटं वाजवते, मग हात सैल सोडून खिडकीशी उभी राहते.

सरांशीही बोलले. चिडतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ताई, माझ्याही अंगठ्यात बरीच वर्षं कळ येते. कुणाला सांगितलं नाही."