खासदार व्हायचंय? पंधरा दिवसांपुरतं मराठी शिका

लोकसभा जवळ आली की कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात इच्छुकांना ऊत येतो. तुम्हीही त्यातलेच असाल तर चार युक्त्या ऐका, फुकटच्या आहेत.

भगवा फेटा गाडीतच बांधून घ्या, उतरल्या उतरल्या महाराजांच्या पुतळ्याला हार घाला. वेशीबाहेर पडलात की फेटा डिकीत. पुढच्या गावात कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं उपरणं लागतं.

सीमाप्रश्न कुणी काढलाच तर ‘न्यायप्रविष्ट आहे’ म्हणा. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तुमची कारकीर्द आरामात निघेल.

मराठी मतांची धास्ती नको. निपाणी चिक्कोडी मतदारसंघात, खानापूर उत्तर कन्नडात, शहर बेळगावात. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायची उत्तम सोय. 1996 मध्ये निषेध म्हणून बेळगावातून 456 उमेदवार उभे होते खरे, पण तेव्हा अनामत 500 रुपये होती. आता 25,000. निषेधही महागला.

पत्रक मात्र शुद्ध मराठीत छापा. परवा आमच्या गल्लीत आलं तसं. गुळगुळीत कागद, एक वेलांटी चुकलेली नाही, ‘माझ्या मराठी माता-भगिनींनो’ वगैरे. त्याच दुपारी घरपट्टीची नोटीस आली, नुसती कन्नडमध्ये. आमची आई सत्तरीची, रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. ती नोटीस उलटसुलट करत बसली. शेवटी शेजारच्या कन्नड काकांनी वाचून दिली (बिचाऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही). मुदत संपत आलेली. कार्यालयात गेलो तर खिडकीवरचा म्हणतो, ‘कन्नड कलीरी.’ म्हणजे कन्नड शिका. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं नोटिसा त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे दिल्लीनंच ठरवलेलं आहे. तसं सांगितलं, तर तो जेवायला उठून गेला. मग ते पत्रक कुणी टाइप केलं हो? मत मागायला मराठी टायपिस्ट सापडतो आणि पट्टी मागायला सापडत नाही?

पुरे झाल्या युक्त्या. साहेब, लाज वाटू द्या थोडी! माता-भगिनी म्हणता, त्या मातेला साधा सरकारी कागद वाचता येऊ नये?

आणि आपण तरी काय दिवे लावतो? दरवेळी महाराष्ट्र एकीकरण समितीत गट, गटागटाचे अर्ज, माघारीच्या दिवसापर्यंत रुसवेफुगवे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून फोटो काढायला सगळी गल्ली हजर. नोटीस घेऊन त्या खिडकीशी भांडायला परवा मी एकटा होतो.