'नेटवर्कवाला' यांना उत्तर: म्हणे "आधी अभ्यास करावा"!

खोटा मोबाइल टॉवर फोनला जुन्या टूजीवर ओढून मेसेज वाचू शकतो, असं सांगणाऱ्या माझ्या 'फोनमधलं टूजी बंद करा' या लेखावर 'नेटवर्कवाला' अशा टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी इथे देतो: "फाइव्हजीत सिमची ओळख लपवलेली असते, हे लेखकाला ठाऊक नसावं. आधी अभ्यास करावा, मग लोकांना घाबरवावं. सालही चुकलंय. खोट्या टॉवरमुळे किती जणांचे पैसे गेले? पैसे जातात ते सिम स्वॅपने, नाहीतर फोनवर ओटीपी सांगितल्याने."

साल चुकलं, मान्य. टूजीवरचं बोलणं गुप्त ठेवणारं ए-फाइव्ह-वन हे संकेतन (सांकेतिक कुलूपच म्हणा) कसं फोडता येतं ते कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने बर्लिनच्या परिषदेत मांडलं डिसेंबर २००९ मध्ये. मी २०१० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण "आधी अभ्यास करावा"? साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही, हा सूर मात्र खटकतो. मी स्वतःच्या नावाने लिहितो. सोळा वर्षं एका मोबाइल कंपनीचे टॉवर सांभाळत इगतपुरी-त्र्यंबकचा पट्टा पालथा घातलाय. रात्री दोनला साइट डाउनचा फोन आला की भर पावसात डिझेलचे कॅन घेऊन डोंगर चढणारे आम्हीच. तेव्हा आपण कुठे अभ्यास करत होता?

सिमची ओळख लपवण्याचं म्हणाल तर, हो, फाइव्हजीत सिमचा कायमचा क्रमांक आपल्या कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद होऊन हवेत जातो. उत्तम सोय आहे. पण त्यासाठी नुसता टॉवर फाइव्हजीचा असून भागत नाही, मागचा गाभाही, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासणारी कंपनीची मध्यवर्ती यंत्रणाही, तशीच लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे फाइव्हजी आलं तेव्हा जिओने गाभा स्वतंत्र उभारला, एअरटेलने सुरुवात फोरजीच्याच गाभ्यावर केली. अशा ठिकाणी फोनच्या कोपऱ्यात 'फाइव्हजी' झळकतं, ओळख पटवणं मात्र फोरजीच्या पद्धतीने चालतं, म्हणजे सिमचा क्रमांक लपत नाही.

आणि फोरजीतली गोम तुम्हाला ठाऊक असेलच, अभ्यास झालाय म्हणून विचारतो. तिथे फोन नेटवर्कची ओळख तपासतो खरा, पण ती पटण्याआधीचे निरोप उघडेच असतात. तेवढ्यात खोटा टॉवर सांगतो, 'टूजीवर जा', आणि फोन गुमान जातो. टूजीत नेटवर्क सिमची परीक्षा घेतं, सिमला नेटवर्कची घेता येत नाही. संकेतन वापरायचं की नाही हेही टॉवरच ठरवतो. कसारा घाटात डॅशबोर्डवर टेस्टचा फोन ठेवून आम्ही फिरायचो, तेव्हा एका वळणावर कोपऱ्यात टूजीची खूण असलेला 'ई' कधी उमटायचा ते कळायचंही नाही. तो टॉवर आमचाच होता, ही गोष्ट वेगळी. पण फोनने मला विचारलं होतं का?

किती जणांचे पैसे गेले, हा आकडा मी कुठून आणू? ज्याचा मेसेज वाटेत वाचला गेला त्याला पत्ताच लागत नाही. २०१७ साली जर्मनीत एसएस-सेव्हनच्या (मोबाइल कंपन्या आपसांत निरोप धाडतात ती जुनी यंत्रणा) फटीतून बँकांचे ओटीपी वळवून खाती रिकामी केलीच की. त्यात खोटा टॉवर नव्हता, म्हणून काय झालं?

राहिला सिम स्वॅप, म्हणजे आपल्या नंबरचं नवं सिम भामट्याने कंपनीकडून काढून घेणं. कोण नाही म्हणतंय? जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, तो बंदोबस्त त्यासाठीच आहे. ओटीपीचं मला सांगू नका, माझ्या सख्ख्या मेहुण्याचे चाळीस हजार फोनवर ओटीपी सांगूनच गेले. पण माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता.

बाकी वाचकांसाठी: अँड्रॉइड १२ पासून पुष्कळ फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करायचं बटण आहे. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे नुसतं जिओचं सिम असलेल्यांनी इथे ते खुशाल बंद करावं. इतरांनी आपल्या गावात फोरजीची रेंज नीट येते का ते आधी बघावं, नाहीतर फोन लागायचा नाही आणि शिव्या मला बसतील.

'नेटवर्कवाला', पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच उत्तर देईन.